पोळी सोडायच्या आधी रक्त तपासा: ग्लुटेनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न गव्हाबद्दलच आहेत, म्हणून सगळे एकाच अंकात घेतले. ग्लुटेन म्हणजे गव्हात आणि जवात असणारं प्रोटीन, आणि सिलिॲक म्हणजे त्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. जागेसाठी काही प्रश्न थोडे छोटे केलेत. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी ३४ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दोन-तीन वर्षांपासून जेवल्यावर पोट डम्म फुगतं, गॅसेस, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, डोकं जड. स्टाफरूममधल्या मॅडम म्हणाल्या ग्लुटेन बंद करून बघ, म्हणून दोन महिन्यांपासून पोळी बंद, फक्त भाकरी खाते आणि खरंच खूप फरक आहे. मग लॅबमध्ये जाऊन रक्ताची टेस्ट केली तर निगेटिव्ह आली. म्हणजे मला सिलिॲक नाही, नुसती सेन्सिटिव्हिटी आहे, असंच ना? सासूबाई म्हणतात, "आमना घरमा कोनलेच असं व्हयनं नही." सगळं मनाचं आहे का हो? (एक शिक्षिका, अमळनेर)

उत्तर: मनाचं नाही, हे आधी सांगते. त्रास होत होता आणि तो कमी झाला, यावर कुणी शंका घ्यायचं कारणच नाही. आणि सासूबाईंच्या घरात कुणाला नसलं तरी त्याचा तुमच्याशी संबंध नाही, सिलिॲकची जी अनुवंशिकता असते ती तुम्हाला तुमच्या आईवडिलांकडून येणार, सासरकडून नाही.

पण ती निगेटिव्ह टेस्ट मात्र धरून बसू नका, कारण ती चुकीच्या वेळी झालीय. सिलिॲकसाठी आधी जी टेस्ट करतात तिचं नाव टीटीजी-आयजीए. ती रक्तातलं ग्लुटेन मोजत नाही. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की त्याचं शरीर स्वतःच्याच एका एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागतं, त्या अँटिबॉडी ही टेस्ट मोजते. आता तुम्ही गहूच बंद केला तर त्या अँटिबॉडी हळूहळू उतरत जाणार आणि काही महिन्यांत नॉर्मलवरही येणार, म्हणजे आजार आतमध्ये असून रिपोर्ट मात्र स्वच्छ. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होतंय की मला दर वेळी वाईट वाटतं, कारण क्रम फक्त उलटा झालेला असतो. आधी तपासणी आणि मग पथ्य, असं असायला हवं.

आता गव्हानं त्रास होण्याची कारणं किमान तीन-चार वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळू नका. सिलिॲक हा ऑटोइम्यून आजार आहे. गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते, आतड्याच्या आतल्या बाजूला अन्न शोषून घेणारे जे बोटासारखे बारीक उंचवटे असतात ते झिजून सपाट होतात, आणि मग खाल्लेलं अंगी लागत नाही. दुसरी गव्हाची ॲलर्जी, ती अगदी वेगळी गोष्ट आहे, त्यात खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, दम लागतो. तिसरी ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी. यात त्रास खरा असतो, पोटाचा असतो, डोकेदुखी, थकवा, सांधे दुखणं, डोकं सुन्न वाटणं असंही असतं, पण आतड्याचं तसं नुकसान दिसत नाही, टीटीजी पॉझिटिव्ह येत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी कुठलीही रक्ताची टेस्ट अजून जगात नाही. सिलिॲक नाही, ॲलर्जी नाही, हे दोन्ही नीट तपासून झाल्यावर उरतं त्याला हे नाव देतात. म्हणून "सिलिॲक निगेटिव्ह आला म्हणजे सेन्सिटिव्हिटी पॉझिटिव्ह" असं गणित मांडता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत तर सिलिॲक अजून निगेटिव्ह आलेलाच नाही.

फरक कळून काय करायचं, दोन्हीत पोळी बंदच ना, असं बरेच जण विचारतात. खूप फरक पडतो हो. सिलिॲक असेल तर पथ्य आयुष्यभर आणि कडक, कणभरही नाही, हाडांची घनता तपासायची, आयर्न, बी-१२, डी जीवनसत्त्व बघायचं, आईवडील-भावंडं-मुलं यांच्याही टेस्ट करायच्या. सेन्सिटिव्हिटी असेल तर यातलं जवळजवळ काही लागत नाही, किती गहू चालतो ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक, पोटाच्या डॉक्टरांना, म्हणजे गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्टना विचारून एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय टेस्ट करायची. ही टेस्ट तुम्ही काय खाता त्यावर अवलंबून नाही. दोन्ही निगेटिव्ह आले तर सिलिॲक असण्याची शक्यता जवळजवळ संपते आणि जीव भांड्यात पडतो. पॉझिटिव्ह आले तर मात्र आजार आहेच असं अजिबात नाही, आपल्या देशात साधारण तीनातल्या एका माणसात ही जनुकं असतात आणि त्यातल्या फारच थोड्यांना सिलिॲक होतो. दुसरा रस्ता म्हणजे गहू परत सुरू करायचा, रोज एकापेक्षा जास्त जेवणांत, साधारण सहा आठवडे, आणि मग टीटीजी-आयजीए आणि त्याच्यासोबत टोटल आयजीए. टोटल आयजीए आवर्जून लिहून घ्या, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए हा अँटिबॉडीचा प्रकार मुळातच कमी असतो, त्यांची टीटीजी आजार असूनही निगेटिव्ह येते. हे सहा आठवडे त्रासाचे जाणार हे मला माहीत आहे, परीक्षांचा महिना टाळून सुट्टीत करा, आणि फारच झालं तर डॉक्टर कमी दिवसांतही टेस्ट करून बघतात.

आणि एक गोष्ट, जी ऐकून तुम्हाला कदाचित आनंदच होईल. पोळी बंद केल्यानं बरं वाटलं म्हणजे दोष ग्लुटेनचाच, असंही नाही. गव्हात फ्रुक्टान नावाची साखर असते, ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि गॅस होतो. नॉर्वेत २०१८ साली एक अभ्यास छापून आला, त्यात सिलिॲक नसलेल्या पण आपल्याला ग्लुटेन चालत नाही असं मानणाऱ्या ५९ लोकांना तीन प्रकारचे सारखेच दिसणारे बार आळीपाळीनं खायला दिले, एकात ग्लुटेन, एकात फ्रुक्टान, एकात दोन्ही नाही, आणि कुठल्या आठवड्यात काय खातोय हे त्यांना सांगितलं नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास १३ जणांना ग्लुटेननं झाला, २४ जणांना फ्रुक्टाननं आणि २२ जणांना साध्या बारनं. आता ही फ्रुक्टान कांद्यात आणि लसणात पण भरपूर असते. आपल्याकडची शेवभाजी घ्या, भाजलेला कांदा, मूठभर लसूण, वरून कच्चा कांदा, आणि सोबत तीन पोळ्या, म्हणजे एका ताटात सगळीकडून फ्रुक्टानच. तुमचा सिलिॲक खरोखर निगेटिव्ह निघाला तर एक वही करा आणि पोळीबरोबर काय खाल्लं होतं तेही लिहा, नुसती पोळी लिहू नका. खूप जणांना मग कळतं की साध्या वरणासोबत एक पोळी काहीच करत नाही.

प्रश्न: एका लॅबचं पॅकेज आहे, दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट, रक्त देऊन. करावी का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर: करू नका. त्यात बहुतेक वेळा आयजीजी अँटिबॉडी मोजतात आणि त्या आपण जे नेहमी खातो त्याच्या विरोधात निरोगी माणसातही असतात. त्यावरून गहू, दूध, अंडी, शेंगदाणे सगळं बंद करून लोक नुसते वाळतात. त्या पैशात टीटीजी-आयजीए आणि हिमोग्लोबिन करून घ्या.

प्रश्न: माझी मुलगी ९ वर्षांची. हिमोग्लोबिन आठच्या वर जातच नाही, दोन वर्षं झाली आयर्नचं टॉनिक चालू आहे. वर्गात सगळ्यात बुटकी. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत, पोट दुखतं असं कधीतरी म्हणते. नवीन डॉक्टरांनी टीटीजी टेस्ट लिहून दिली आणि म्हणाले गव्हाचा आजार असू शकतो. जुलाबच नाहीत तर पोटाचा आजार कसा? आणि गहू खाऊन कोणी आजारी पडतं का? (एक शेतकरी वडील, चोपडा)

उत्तर: दादा, त्या डॉक्टरांनी योग्य दिशेनं विचार केलाय, टेस्ट नक्की करा आणि रिपोर्ट येईपर्यंत मुलीची पोळी चालूच ठेवा.

जुलाब, फुगलेलं पोट, काडीसारखे हातपाय हे पुस्तकातलं जुनं चित्र आहे. सिलिॲक असलेल्या कितीतरी मुलांना जुलाब होतच नाहीत, त्यांच्यात दिसतं ते हेच, टॉनिक देऊनही न वाढणारं रक्त, थांबलेली उंची, चिडचिड, भूक कमी, कधी दातांवर डाग, तोंडात वारंवार छाले. याचं कारण असं की आयर्न शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि सिलिॲक सगळ्यात जास्त बिघडवतो तोही नेमका तोच भाग. मग तुम्ही कितीही महागाचं टॉनिक पाजा, ते आत शिरायची जागाच आजारी आहे. मोठ्यांमध्ये हाच आजार कधी नुसता हाडांच्या दुखण्यानं, कधी वारंवार गर्भपातानं, कधी लिव्हरच्या रिपोर्टमधल्या वाढलेल्या आकड्यांनी, कधी कोपर-गुडघ्यांवरच्या खाजऱ्या फोडांनी दिसतो, आणि माणूस वर्षानुवर्षं वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फिरत राहतो.

अर्थात रक्त कमी असण्याची बाकीची कारणंही बघायला हवीत. जंतांचं औषध झालंय का, टॉनिक चहासोबत तर देत नाही ना, चहानं आयर्न अडतं. आणि आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात, खास करून आदिवासी कुटुंबांत, सिकलसेल हा रक्ताचा अनुवंशिक आजार पुष्कळ आहे, ती टेस्ट झाली नसेल तर तीही सोबतच करून टाका, थॅलेसिमियाचीही.

गहू खाऊन आजारी पडतं का, हा तुमचा प्रश्न पूर्वी डॉक्टरांनाही पडलेला होता. या मुलांचं वर्णन लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनी १८८८ साली छापलं होतं, आणि काहीतरी खाण्यातूनच हे बरं होईल असंही म्हटलं होतं, पण दोष नेमका कशाचा ते सापडलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, तिकडे पाव मिळेनासा झाला, लोक उपासमारीनं हैराण, आणि त्यातही ही आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत मिळायला लागला तशी पुन्हा बिघडली. डिके यांनी १९५० मध्ये यावर आपला प्रबंध लिहिला. म्हणजे गव्हाचं हे कळून आता पाऊणशे वर्षं होत आली.

टीटीजी खूप जास्त, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त आली तर मुलांमध्ये दुसऱ्या वेळच्या रक्तात ईएमए ही अजून एक टेस्ट बघून दुर्बिणीशिवायही निदान करता येतं, हे मुलांचे पोटाचे डॉक्टर ठरवतील. एरवी तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे तपासायला घेतात. ऐकून आई घाबरते, पण मुलांना झोपवून करतात आणि बहुतेक वेळा संध्याकाळी मूल घरी येतं. निदान झालं आणि गहू बंद झाला तर या वयात उंची भराभर भरून निघते, म्हणून "मोठी झाल्यावर बघू" असं करू नका, ही वर्षं परत मिळत नाहीत.

प्रश्न: ग्लुटेन चालत नसेल तर खपली गहू चालतो असं ऐकलं. देशी बियाणं, जुनं वाण, ते पचतं म्हणे. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर: सिलिॲकला अजिबात नाही. खपली, बन्सी, लोकवन, शरबती, सगळे गहूच आणि सगळ्यांत ग्लुटेन. रवा, मैदा, दलिया, शेवया, लापशी हे सुद्धा गहूच. ज्यांना सिलिॲक नाही त्यांना खपलीची पोळी हलकी वाटली तर खुशाल खावी.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना गेल्या महिन्यात दुर्बिणीतून सिलिॲक निघाला, वय ४१. डॉक्टरांनी एक कागद दिला, गहू बंद एवढंच लिहिलंय. आमचं एकत्र कुटुंब, अकरा माणसं, दोन वेळ पोळ्या. भाकरी सुरू केली तरी जुलाब पूर्ण थांबले नाहीत. शिवाय श्रावणात कानबाई आहेत, रोट असतात, ते खाल्ल्याशिवाय चालत नाही असं घरचे म्हणतात. कसं करायचं? (एक वाचक, धुळे)

उत्तर: वहिनी, आधी एक चांगली गोष्ट सांगते, सिलिॲक निघाल्यावर खाणं सोपं असलेल्या जागा कमी आहेत आणि आपला खान्देश त्यातला एक आहे. पंजाबातल्या माणसाला ताट नव्यानं मांडावं लागतं. आपल्याकडे दादरची (ज्वारीची) भाकरी, बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, भरीत, पातोडीची रस्सा भाजी, फुनके, कढी, उडदाच्या डाळीचं घुटं, भात, भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, यातल्या एकातही मुळात ग्लुटेन नाही. मिस्टरांची आजी जे रोज जेवत असेल तेच त्यांचं औषध आहे.

मग जुलाब का थांबले नाहीत? एक तर महिनाच झालाय, आतडं भरून यायला मोठ्यांना कित्येक महिने लागतात, कधी वर्ष-दोन वर्षंही. सुरुवातीला दूधही पचत नाही काही जणांना, थोडे दिवस दूध कमी करून दही-ताक देऊन बघा. पण मला दाट संशय आहे तो तुमच्या दळणाचा.

गिरणीवर उभं राहून एकदा नीट बघा. आधीच्या माणसाचा गव्हाचा डबा संपतो, लगेच तुमची ज्वारी वर ओततात. दगडांच्या फटीत, पीठ पडतं त्या नळात, तोंडाला बांधलेल्या कापडी पिशवीच्या आत, सगळीकडे मागचं गव्हाचं पीठ चिकटलेलं असतं, गिरणीवाल्यानं पिशवीला खालून दोन थापा मारल्या की ते सगळं तुमच्या डब्यात उतरतं. आणि सिलिॲकला किती पुरतं माहितीय? रोज ५० मिलीग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं तर आतड्याला इजा होते असं इटलीतल्या एका अभ्यासात २००७ साली दिसलं. आपल्या एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं, म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा, बोटाच्या नखाएवढा. गिरणीतून एवढं रोज सहज जातं. म्हणून जमत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीही टाकू नका, अगदी पाहुणे आले तरी. अकरा माणसांच्या घरात ते अवघड वाटेल पण हा एकच खर्च असा आहे की जो मी प्रत्येकाला करायला सांगते. नाहीच जमलं तर फक्त ज्वारी-बाजरी दळणारी गिरणी शोधा, किंवा गिरणीवाल्याशी बोलून ज्या दिवशी गिरणी धुतात-पुसतात त्या दिवशी पहिलं दळण आपलं ठेवा. बेसनही तसंच, चण्याची डाळ घरघंटीतच दळा. ज्वारी आणली की निवडून घ्या, बाजारातून येणाऱ्या पोत्यात गव्हाचे दाणे निघतात.

स्वयंपाकघरात वेगळं काय ठेवायचं: लाकडी पोळपाट-लाटणं, भाकरीची परात, एक तवा, एक चाळणी, पिठाचा डबा आणि तो डबा गव्हाच्या डब्याच्या वरच्या फळीवर, खाली नाही, कारण पीठ वरून खाली सांडतं. स्टीलची भांडी, ताटं, चमचे वेगळे लागत नाहीत, घासून धुतली की झालं. सकाळी भाकरी आधी थापा, पोळ्या नंतर, ओटा पुसून. पुऱ्या तळलेल्या तेलात त्यांचे पापड तळू नका. आणि पोळीला लावायच्या पिठीचा हात मिठाच्या डब्यात जातो, तिकडे लक्ष द्या, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

लपलेला गहू कुठे कुठे असतो ते घरात मोठ्यानं वाचून दाखवा. बांधणीचा हिंग, त्यात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं, तांदळाच्या पिठातला मिळतो तो आणा. कुरडया, त्या गव्हाच्या चिकाच्याच. बिबडे ज्वारीचे असले तरी कुणी कुणी त्यात गहू घालतं, विचारून घ्या. भंडाऱ्यातली बट्टी मक्याची म्हणून वाढतात पण त्यात गव्हाचं भरड पीठ असतंच, त्याशिवाय ती बांधली जात नाही. सातूचं पीठ, त्यात गहू किंवा जव. माल्टची दूध पावडर, ती जवाची. सोया सॉस. बाहेरच्या शेवभाजीत शेव बेसनाची असली तरी रस्सा दाट करायला काय घातलंय ते विचारा. केळीचे वेफर्स तसे चालतात पण ज्या कढईत कचोरी-समोसे तळतात तिथले नको. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलेलं असेल तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे त्यात किलोला २० मिलीग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, त्यामुळे तसं पाकीट विश्वासानं घ्या, पण त्या महागड्या बिस्किटांवर पोट भरू नका, त्यात बऱ्याचदा नुसता स्टार्च आणि साखर असते. गोळ्या-औषधं घेताना केमिस्टला विचारत चला.

आता रोटांचं. कानबाईचे रोट म्हणजे घरातल्यांच्या नावानं मुठीनं मोजून घेतलेला गहू, भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही, त्यामुळे "एक घास तरी घे" हा आग्रह किती मनापासून होतो ते मला चांगलं माहीत आहे. त्या आग्रहात प्रेम आहे, म्हणून भांडून उपयोग नाही. श्रावण यायच्या आधी, पाहुणे नसताना, घरातल्या मोठ्या बाईंशी बसून बोला. दुर्बिणीचा रिपोर्ट दाखवा. त्यांच्या नावाची मूठ काढायचीच आहे, ती काढा, रोट देवीपुढे ठेवायचाच आहे, ठेवा, आणि त्यांच्या वाटचा रोट मिस्टरांच्या हातानं भावाच्या किंवा मुलाच्या ताटात द्या. पुरण चण्याच्या डाळीचं आहे, गंगाफळाची भाजी आहे, खीर तांदळाची करा, तो सगळा प्रसादच. मात्र त्यांच्यासाठीचं पुरण वाटीत वेगळं काढून ठेवा, पोळ्या लाटायला घ्यायच्या आधी, पिठाचे हात लागायच्या आधी. आखाजीलाही, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही, हेच, खापरावरची पोळी बाकीच्यांना, आमरस-पुरण-तांदळाची धिरडी त्यांना. पहिल्या वर्षी सगळे त्यांच्या ताटाकडे बघतील, त्यांना एकटं वाटेल, तेव्हा तुम्ही आणि मुलांनी त्यांच्यासोबत भाकरीच घ्या, एवढं कराच.

सहा महिन्यांनी टीटीजी परत करा. उतरत असेल तर घरातली काळजी बरोबर चाललीय. उतरत नसेल तर पुन्हा गिरणीपासून शोधायला लागा.

प्रश्न: मोठ्या बहिणीला सिलिॲक आहे. मला काहीच त्रास नाही. तरी टेस्ट करू का? आणि हा आजार आपल्याकडचा नाही, उत्तर भारतातला आहे ना? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर: करा. सख्खी भावंडं, आईवडील आणि मुलं यांना इतरांपेक्षा धोका कितीतरी पटीनं जास्त असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काहीही त्रास जाणवत नसतो. एकदा निगेटिव्ह आली तरी पुढे कधी रक्त कमी झालं, वजन उतरलं तर परत करा. थायरॉइड किंवा लहान वयातला, इन्सुलिन लागणारा मधुमेह असेल तर मुद्दाम करा.

उत्तरेतला आजार म्हणतात त्याला आधार आहे. २०१६ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात रक्तात सिलिॲकच्या अँटिबॉडी सापडण्याचं प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. पण गंमत अशी की जनुकं तिन्हीकडे साधारण सारखीच होती, फरक होता तो बराचसा गव्हाच्या खाण्यात, उत्तरेत दिवसाला माणशी सरासरी ४५५ ग्रॅम आणि दक्षिणेत २५. आता आपल्याकडे बघा, ज्या घरांत आजीच्या वेळी पोळी फक्त सणाला व्हायची तिथे आज दोन्ही वेळा पोळीच होते, भाकरी कधीतरी चवीला. जनुक आपल्याकडेही आहे आणि गहूही आता ताटात आहे, म्हणून आपल्याकडे नसतो असं समजून तपासायचं टाळू नका.

प्रश्न: माझ्या सगळ्या टेस्ट पोळी चालू असतानाच केल्या, टीटीजी, टोटल आयजीए, दुर्बीण सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ग्लुटेन सेन्सिटिव्हिटी आहे, गहू टाळा. पुढे याचा सिलिॲक होईल का? आणि मला आयुष्यभर असंच राहावं लागेल? लग्नकार्यात फार पंचाईत होते. (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: तुमचं काम बरोबर क्रमानं झालंय, त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं आहे. सेन्सिटिव्हिटी ही सिलिॲकची पहिली पायरी किंवा सौम्य रूप नाही, तुमच्या आतड्याला इजा होत नाहीये, म्हणून एखाद्या लग्नात पोळी खाल्ली तर दोन दिवस पोट बिघडेल, त्यापलीकडे लपून काही बिघडत नाही. हा मोठा दिलासा आहे आणि तो तुम्ही मनापासून घ्या. गिरणी, घरघंटी, वेगळी परात हे वर धुळ्याच्या वहिनींना सांगितलेलं तुम्हाला काहीही लागू नाही.

आयुष्यभराचं म्हणाल तर तशी गरज बहुतेक पडत नाही. सहा आठवडे गहू, जव पूर्ण बंद ठेवा. त्यात फरक पडलाच नाही तर गव्हाचा संबंधच नाही, पथ्य सोडा आणि डॉक्टरांकडे दुसरं कारण शोधा, आयबीएस (आतड्याची हालचाल बिघडण्याचा नेहमीचा त्रास) असेल, दुधाची साखर पचत नसेल, थायरॉइड असेल. फरक पडला तर मग एकेक गोष्ट परत आणून बघा. आधी आठवडाभर कांदा-लसूण भरपूर आणि गहू नाही. मग आठवडाभर गहू रोज, पण कांदा-लसूण अगदी कमी. रोज संध्याकाळी पोटाला शून्य ते दहा गुण देऊन लिहायचं. कांद्याच्या आठवड्यात त्रास जास्त झाला तर दोष फ्रुक्टानचा धरा, आणि मग पोळी थोडी चालेल, कांदा कमी करा. गव्हाच्या आठवड्यात झाला तर एक पोळी चालते का, अर्धी चालते का, असं खाली खाली येत तुमची मर्यादा सापडेल. बऱ्याच जणांना दिवसाला एक पोळी सोसते, दुसरीला त्रास होतो. आणि वर्षभरानं हेच पुन्हा एकदा करून बघा, कारण सोसण्याची मर्यादा बदलते. दरम्यान वजन उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं, रात्री झोपेतून उठून जुलाबाला जावं लागलं किंवा हिमोग्लोबिन घसरलं तर मात्र वही बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा.